आवणीतला पासवर्ड

हॉस्पिटलचा सर्व्हर गुरुवारी सकाळी दुसऱ्यांदा लॉक झाला. पहिल्यांदा तो त्याच आठवड्यात, सोमवारी झाला होता. गौरी-गणपती नुकतेच उरकले होते.

भोरमधलं हे हॉस्पिटल एका ट्रस्टचं आहे. वेल्ह्याच्या बाजूला त्याची तीन केंद्रं आहेत : पाली, वेल्हे आणि पासली. प्रत्येक केंद्रावर एक सिस्टर आणि एक कॉम्प्युटर. सिस्टर पेशंट तपासते, माहिती कॉम्प्युटरमध्ये भरते, ती भोरच्या सर्व्हरवर जाते. सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्टही तिथेच असतात.

सर्व्हर लॉक होणं म्हणजे फाइली जागेवर असतात, पण उघडत नाहीत. उघडायची किल्ली हल्लेखोराकडे असते आणि ती तो विकतो. ट्रस्टने ती विकत घ्यायची नाही असं ठरवलं होतं. निर्णय बरोबर होता. देखभालीच्या कंपनीने सर्व्हर पुसला आणि आदल्या रविवारचा बॅकअप, म्हणजे माहितीची जपून ठेवलेली प्रत, परत चढवला. तीन दिवसांत तोच प्रकार पुन्हा घडला.

प्रशासक निगडे सरांनी पुण्याला आमच्या कंपनीत फोन केला. मी सायबर हल्ला झाल्यानंतरचा तपास करते. दुपारी भोरला पोहोचले.

"व्हायरस आहे ना? काढा," निगडे सर म्हणाले.

"काढता येईल. पण तो बॅकअपमध्येही असेल, तर परत येईल."

"मग त्याच्या आधीचा बॅकअप घ्या."

"किती आधीचा, तेच शोधायचं आहे."

पुढचा सगळा तपास या एका प्रश्नावर होता. हल्लेखोर आत आल्याबरोबर कुलूप लावत नाही. आधी फिरून बघतो, आपला प्रोग्राम ठेवतो, मग कधीतरी कुलूप लावतो. तो आत आला त्याच्या आधीचा बॅकअप स्वच्छ, नंतरचा बाधित. त्यामुळे तो कधी आत आला ती तारीख लागते. सर्व्हरवरच्या नोंदी त्याने पुसून टाकल्या होत्या. तीन केंद्रांच्या कॉम्प्युटरवरच्या नोंदी मात्र शिल्लक होत्या.

त्या तिन्ही कॉम्प्युटरवर एक ॲप होतं. एका ठिकाणी बसून दुसरीकडचा कॉम्प्युटर चालवायचं. ते देखभालीच्या कंपनीनेच टाकलं होतं, दुरुस्तीसाठी. त्यात गैर काही नव्हतं. पण अशा ॲपमध्ये प्रत्येक मोबाईलला आणि कॉम्प्युटरला एक ओळख नंबर असतो, आणि कोणता नंबर कधी जोडला गेला याची नोंद राहते. कंपनीचा नंबर एकच होता. नोंदीत मात्र आणखी पुष्कळ नंबर होते. सगळे मोबाईलचे, सगळे अनोळखी. पहिला जुलैच्या सुरुवातीला दिसत होता. शेवटचा त्याच गुरुवारचा होता.

देखभालीच्या कंपनीच्या इंजिनिअरचं म्हणणं स्पष्ट होतं. चोर जुलैपासून आत आहे. जूनचा बॅकअप चढवा. नंतरचं सगळं गेलं असं समजा.

नोंद बघता तो चुकत नव्हता. पण जून ते सप्टेंबर या काळात केंद्रांनी नोंदवलेल्या गरोदर बायकांची माहिती, त्यांच्या सोनोग्राफी, कुणाला कोणतं औषध चालत नाही, हे सगळं त्याबरोबर जाणार होतं. काहींची बाळंतपणं तोंडावर आली होती.

निगडे सरांनी आधीच एक काम केलं होतं. तिन्ही केंद्रांवर नोटीस लावली होती : सदर प्रकारास जबाबदार कर्मचाऱ्यावर कडक कारवाई करण्यात येईल. तिघी सिस्टरना भोरला बोलावून लेखी जबाबही घेतले होते. मी ते वाचले. तिन्ही कागदांवर एकच वाक्य होतं. "सदर बाबत मला काहीही माहिती नाही व मी कोणतेही ॲप वापरलेले नाही."

ॲपबद्दल त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

शुक्रवारी हॉस्पिटलच्या गाडीने मी तिन्ही केंद्रांवर गेले. सोबत निगडे सरांचा क्लार्क होता. पालीच्या मंगलताई गायकवाड तिघींमध्ये वयाने मोठ्या. त्यांनी चहा दिला आणि जबाबातलं वाक्य तोंडी म्हणून दाखवलं. वेल्ह्याच्या ज्योती सिस्टरनी मान हलवली. पासलीच्या संगीता सिस्टर म्हणाल्या, "म्या लिवून दिलंय की समदं." बोलताना त्या माझ्याकडे नाही, क्लार्ककडे बघत होत्या. दिवस वाया गेला.

शनिवारी मी एकटीच गेले. नसरापूरहून ST ने वेल्हे, तिथून जीपने पासली. केंद्र उघडलं होतं. बाकावर पेशंट होते. मी शेवटी जाऊन बसले. शेजारच्या म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"कुठली गं तू? बीपी दावाया आलीस?"

आतून संगीता सिस्टर म्हणाल्या, "आजी, त्या कॉम्प्युटर तपासाया आल्यात."

"त्याला काय झालंय?"

"त्यालाच बीपी झालाय."

बाक हसला. म्हातारी म्हणाली, "मग त्याचं मीठ बंद करा. माझं केलं तसं."

शेवटचा पेशंट गेल्यावर संगीता सिस्टरनी हात धुतले आणि समोर येऊन बसल्या.

"मॅडम, तुमी पोलिसातल्या का?"

"नाही."

"मग कारवाई कोण करनार?"

"ते माझं काम नाही. मला फक्त एक तारीख हवी आहे."

"कसली तारीख?"

मी सांगितलं. चोर कधी आत आला हे कळलं नाही तर सगळं जूनवर जाणार. जूननंतर तुम्ही भरलेलं काहीच राहणार नाही. हे सांगताना मी आवाज चढवला नाही की काही फुगवूनही सांगितलं नाही. फुगवायची गरज नव्हती.

संगीता सिस्टर म्हणाल्या, "माझी एक बाई हाय. वार खाली हाय तिची. आगस्टात सोनोग्राफीत दिसलं. तवाचे डॉक्टर बदलून गेले."

वार, म्हणजे प्लॅसेंटा, खाली असली की बाळंतपणात जोरात रक्तस्राव होऊ शकतो. हे नव्या डॉक्टरला आधी माहीत असावं लागतं. ती माहिती सर्व्हरवर होती.

"तिचं तुम्ही तोंडी सांगू शकाल," मी म्हणाले.

"तिचं सांगंन. बाकीच्यांचं कोण सांगनार? समद्या काय माझ्या ध्यानात हायेत?"

मी वाट बघितली. आमच्या कामात हे कुठल्या कोर्सला शिकवत नाहीत. प्रश्न विचारून झाल्यावर गप्प बसायचं असतं.

"माझं कॉन्ट्रॅक्ट दिवाळीला संपतंय, मॅडम," त्या शेवटी म्हणाल्या. "आन् एकटीनं मी काय बी बोलनार न्हाई. माझं सांगितलं की ताईचं निघतंय. ताईचं निघालं की ज्योतीचं. तिघींचं मिळून हाय ते. इचारायचं तर तिघींना एका जागी इचारा. त्या आधी ती भितीवरची नोटीस काढा."

तपासाचा नियम याच्या उलट आहे. माणसांना वेगवेगळं बसवायचं आणि उत्तरं ताडून बघायची. एकत्र बसवलं तर एक बोलते आणि बाकीच्या तेच म्हणतात. पण इथे वेगवेगळं विचारून झालं होतं आणि हाताशी एकच वाक्य होतं.

संध्याकाळी निगडे सरांसमोर मी दोन मागण्या ठेवल्या. नोटीस मागे घ्या. माहिती देणाऱ्यावर कारवाई होणार नाही असं लेखी द्या.

"मॅडम, तुम्हाला टेक्निकल कामासाठी बोलावलंय. HR कशाला करताय?"

"मशीनमधून निघायचं तेवढं निघालं, सर. उरलेलं त्या तिघींकडे आहे."

"म्हणजे त्यांनी काहीतरी केलंय."

"शक्य आहे."

"आणि मी त्यांना आधीच माफी देऊ?"

"मग माफी देऊ नका. जूनचा बॅकअप चढवू. तसं लेखी द्या."

ते म्हणाले, "तिघींना एकत्र बसवलं तर गोष्ट जुळवून घेतील."

"जुळवून झाली आहे. तुमच्या फाइलमध्ये तीन प्रती आहेत."

त्यांनी जबाबाचे कागद पुन्हा काढून वाचले. तेवढ्यात प्रसूती विभागातून फोन आला. एका बाईचा रक्तगट विचारत होते. तो सर्व्हरवर होता. निगडे सरांनी फोन ठेवला आणि टाइप करायला घेतलं.

रविवारी सकाळी तिघी पालीच्या केंद्रात जमल्या. भोरला यायला मंगलताईंनी नकार दिला होता. "आमी तिकडं आलो की चौकशी होते. हितं या, बोलनं होईल," असा त्यांचा निरोप होता. बाहेर राजगडावर जाणाऱ्यांच्या गाड्या लागलेल्या होत्या. निगडे सर आले होते. आत त्यांनी बोलायचं नाही, ही माझी अट होती.

मंगलताईंनी चष्मा लावून पत्र वाचलं. मोठ्याने वाचलं.

"‘या घटनेसंदर्भात कारवाई होणार नाही.’ साहेब, या घटनेची न्हाई, मग दुसरी काडाल. ड्युटीचं एक परकरन, हजेरीचं एक परकरन. तीस वर्सं नोकरी केलीया मी."

निगडे सरांनी माझ्याकडे बघितलं. मी पेन पुढे केलं. त्यांनी ओळ वाढवली : या घटनेतून पुढे येणाऱ्या कोणत्याही बाबीसंदर्भात. सही केली.

मंगलताईंनी पत्राची घडी घालून पर्समध्ये ठेवली. "संगे, सांग आता."

संगीता सिस्टर बोलायला लागल्या. जे बाहेर आलं ते असं.

जुलैत भाताची आवणी असते. रोपं उपटून खाचरात लावायची. एका घराच्या खाचरात सगळ्या घरांनी राबायचं, मग पुढच्या घराच्या. मजुरी कुणी घेत नाही. त्याला इरजिक म्हणतात. आपल्या खाचराची पाळी असेल त्या दिवशी घरच्या बाईने तिथे नसणं चालत नाही. लोक तिच्या घरचं काम करायला आलेले असतात.

सिस्टरला त्या दिवशी रजा मिळत नव्हती. हजेरी कॉम्प्युटरवरून लागायची. पाच वाजता लॉग-आउट करावं लागायचं. आणि पासलीचा लॉग-इन फक्त पासलीच्या कॉम्प्युटरवरूनच चालायचा. हा सुरक्षेचा नियम होता. चांगला नियम आहे. मीही तोच लावते.

तिघींनी त्यावर उपाय काढला. दुरुस्तीचं ॲप कॉम्प्युटरवर होतंच. त्याला त्यांनी कायमचा पासवर्ड दिला, तिन्हीकडे एकच. ज्या सिस्टरची आवणी असेल ती सकाळचे पेशंट तपासायची आणि खाचरात जायची. दुपारी दुसरीला फोन करून चिठ्ठीवरची माहिती वाचून दाखवायची. दुसरी मोबाईलवरून पहिलीच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायची, माहिती भरायची, पाचला लॉग-आउट करायची. रेंज ज्या मोबाईलला असेल तो मोबाईल. कधी नवऱ्याचा, कधी जावेचा, कधी भाच्याचा.

खाचरातलं इरजिक त्यांनी कॉम्प्युटरवर आणलं होतं.

निगडे सरांनी अट मोडली. "म्हणजे दुपारी केंद्र बंद?"

"बंद कशाला, साहेब?" मंगलताई म्हणाल्या. "दार उघडं, सिस्टर बांधावर. हाळी दिली की येतीया. आन् आवणीत दुपारचं दवाखान्यात येतंय कोन? गाव समदं चिखलात."

"एखादी इमर्जन्सी आली असती तर?"

"आली की. पासलीत पोराला विंचू चावला. संगी गुडघ्यापातुर चिखल घिऊन धावली. सुई दिली, मंग पाय धुतले. तुमच्या कॉम्प्युटरात ‘वेळेवर उपचार’ म्हनून लिवलंय ते."

"कुणी लिहिलं?"

"म्या लिवलं. हितनं."

निगडे सर हसले नाहीत, पण पुढे अट पाळली.

एवढं कळल्यावर काम सरळ झालं. नोंदीतले नंबर चोराचे नव्हते. निदान सगळे नव्हते. पण त्यांचं म्हणणं मला तसंच धरता येत नव्हतं. प्रत्येक नंबर पटवावा लागणार होता. ज्या-ज्या मोबाईलवरून काम झालं ते सगळे आणा, असं मी सांगितलं. तिघींनी फोन लावले. दुपारपर्यंत केंद्राच्या टेबलावर मोबाईल जमले. संगीता सिस्टरांचा नवरा मोटारसायकलवर आला आणि दारातच म्हणाला, "जप्ती हाय का काय?" एक भाचा शिरवळच्या कंपनीत शिफ्टवर होता. त्याने जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉलवर ॲप उघडून नंबर दाखवला.

मी एकेक नंबर वाचत होते, त्या मोबाईल पुढे करत होत्या. हा ताईचा. हा माझ्या दिराचा. हा जुना फोन, फुटलाय, पर चालतोय. जुळलेला नंबर मी खोडत होते.

शेवटी एक नंबर उरला.

तो पहिल्यांदा दिसत होता पहिल्या हल्ल्याच्या आधीच्या गुरुवारी, वेल्ह्याच्या कॉम्प्युटरवर. नंतर त्याच पासवर्डने पासली आणि पालीला. त्या आठवड्यात कुणाची आवणी नव्हती. भात पोटरीत आलं होतं, कणसं बाहेर पडायच्या बेतात.

मी तो नंबर पुन्हा वाचला. "हा कुणाचा?"

मंगलताईंनी मान हलवली. संगीता सिस्टरनी मान हलवली. ज्योती सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या. सकाळपासून त्या एक शब्दही बोलल्या नव्हत्या. मोबाईल तेवढे पुढे करत होत्या.

मी पुन्हा विचारलं नाही. मला तारीख हवी होती, ती मिळाली होती. नाव विचारलं असतं तर ते तिघींपुढे आणि निगडे सरांपुढे विचारलं गेलं असतं.

त्या गुरुवारनंतरच्या रविवारचा बॅकअप बाधित होता. कंपनीने तोच चढवला होता. त्याच्या आधीच्या रविवारचा स्वच्छ होता. सोमवारी तिन्ही केंद्रांवरचं ॲप काढलं, सगळे पासवर्ड बदलले आणि तो बॅकअप चढवला. जूनपासूनची माहिती परत आली. मधल्या काही दिवसांची गेली. ती तिघींनी घरोघर जाऊन पुन्हा भरली. पासलीच्या त्या बाईचा सोनोग्राफी रिपोर्ट नव्या डॉक्टरांनी बघितला. तिचं सिझर भोरला झालं, रक्ताची तयारी आधी करून. बाई आणि बाळ दोघं घरी गेले.

अहवालात मी ‘हल्लेखोर कसा आत आला’ या रकान्यात लिहिलं : केंद्रांच्या सामाईक पासवर्डने. ‘पासवर्ड बाहेर कसा गेला’ या रकान्यात लिहिलं : पुष्टी नाही.

निगडे सरांना ते आवडलं नाही. "हे रिकामं कसं सोडता?"

"माहीत नाही ते लिहिता येत नाही."

"तुम्हाला अंदाज आहे."

"अंदाज आहे."

त्यांनी तो विचारला नाही.

शिफारशींमध्ये नेहमीच्या गोष्टी होत्या. प्रत्येकीचा वेगळा पासवर्ड, मोबाईलवर येणारा OTP. दोन नेहमीच्या नव्हत्या. एक, आवणी आणि भातकाढणीत सिस्टरला दुपारची रजा द्यावी आणि दुसऱ्या केंद्राच्या सिस्टरला तिचं काम रीतसर उघडून द्यावं. दोन, काही संशयास्पद वाटलं तर एका ठरलेल्या नंबरवर फोन करायचा, आणि तिथे ‘तुम्ही असं का केलंत’ हा प्रश्न विचारायचा नाही. पहिल्या शिफारशीवर ट्रस्टची बैठक लांबली. शेवटी निगडे सरांनीच बाजू घेतली. विंचवाची गोष्ट त्यांनी बैठकीत सांगितली असं नंतर कळलं. दिवाळीला संगीता सिस्टरांचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं.

ठरलेला नंबर काही महिने आमच्याकडे होता. भातकाढणी चालू असताना एका दुपारी त्यावर फोन आला. वेल्ह्याहून, ज्योती सिस्टरांचा. त्या हळू आवाजात बोलत होत्या.

"मॅडम, त्याचा फोन आलाय. दुसऱ्या मोबाईलवर हाय तो. मी म्हनले, थांबा, पेशंट हाय."

"कोणाचा?"

"हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागातनं बोलतोय म्हनतोय. नंबर आन् पासवर्ड सांगा म्हनतोय. त्या टायमाला बी ह्योच म्हनला होता." त्या थांबल्या. "तवा म्या सांगितला होता."

मी म्हणाले, "आज सांगितलात?"

"न्हाई."

भोरच्या हॉस्पिटलमध्ये कॉम्प्युटर विभाग नाही. तो ज्या नंबरवरून बोलत होता तो मी लिहून घेतला. ज्योती सिस्टरनी दुसरा मोबाईल कानाला लावला आणि पेशंट अजून आहे असं त्याला सांगितलं. त्याने फोन ठेवला. त्या दिवशी वेल्ह्याच्या कॉम्प्युटरला बाहेरून कुणीही जोडलं गेलं नाही.